नव्वद डबे आणि तेवीस दिवस

वाचकाचं पत्र, थोडक्यात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ठाण्यात कोपरीला राहणाऱ्या बेचाळीस वर्षांच्या एका ताईंनी नोकरी सुटल्यावर मार्चमध्ये चालू पोळीभाजी केंद्र विकत घेतलं. विकणाऱ्या काकू त्यांच्या सासूबाईंच्या जुन्या ओळखीच्या. एकूण ९ लाखांचा व्यवहार : चालू धंद्याचे ५ लाख ५० हजार, सामानाचे २ लाख २५ हजार, गाळ्याच्या डिपॉझिटचे १ लाख २५ हजार. काकू जानेवारीत म्हणाल्या होत्या, "रोज १४० डबे जातात. ९० वागळे इस्टेटच्या कंपनीचे, ५० घरगुती." रजिस्टर मागितलं तर म्हणाल्या, "ते मुलाकडे पुण्याला राहिलंय, हिशेब सगळा डोक्यात आहे." १० मार्चला करार झाला आणि १ एप्रिलपासून कंपनीचे डबे बंद. कंपनी महापेला गेली. जूनमध्ये त्याच कंपनीतल्या एकाकडून कळलं की डबे बंद होणार असल्याचा ईमेल काकूंना १५ फेब्रुवारीलाच गेला होता. आज घरगुती डबे ५० चे ६२ झालेत, पण भाडं आणि पगार भागवून हातात फार काही उरत नाही. ७ लाख ५० हजार देऊन झाले. ७५ हजारांचे दोन चेक काकूंकडे आहेत, ५ सप्टेंबर आणि ५ ऑक्टोबरचे. करारात डब्यांचा आकडा नाही. उलट "लिहून घेणार यांनी व्यवसायाची सर्व चौकशी करून समाधान करून घेतले आहे" असं वाक्य आहे. यजमान म्हणतात पोलिसांत जाऊ, सासूबाई म्हणतात विसरून जा. ताई विचारतात : "चूक माझीच ना? मीच नीट चौकशी केली नाही. आणि त्या माउलीला फसवी कसं म्हणू? त्यांच्या घरी आजारपण आहे."

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. त्यात 'माझी चूक' हे शब्द चार वेळा आलेत, ५ सप्टेंबर ही तारीख मात्र एकदाच, तीही जाता जाता. माझ्या मते उलटं व्हायला हवं होतं. चूक कुणाची हे आपण बघूच, पण तुमच्या हातून निसटतोय तो वेळ.

आधी चुकीविषयीच बोलू, कारण ते मनातून गेल्याशिवाय तुम्ही पुढचं वाचणार नाही.

आपला करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १९ मध्ये दोन उदाहरणं दिली आहेत आणि ती तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहेत. पहिलं असं : 'अ' हा 'ब'ला फसवण्याच्या हेतूने खोटंच सांगतो की आपल्या कारखान्यात वर्षाला ५०० मण नीळ तयार होते, आणि त्यावर विसंबून 'ब' कारखाना घेतो. हा करार 'ब'ला रद्द करता येतो. दुसऱ्या उदाहरणात आकडा तोच, ५०० मण. पण 'ब' आधी कारखान्याचे हिशेब तपासतो, त्यात ४००च मण दिसतात, आणि तरीही तो कारखाना घेतो. इथे 'ब'ला तक्रारीला जागा नाही. खरं काय ते त्याच्या डोळ्यांसमोर होतं, त्यामुळे त्याने कारखाना घेतला तो 'अ'च्या शब्दावर नव्हे.

नीळ गेली, डबे आले, प्रश्न मात्र तोच राहिला. तुमच्यासमोर हिशेब होते का? नव्हते. तुम्ही मागितले होते का? मागितले होते, आणि रजिस्टर पुण्याला असल्याचं उत्तर मिळालं. 'मी चौकशी केली नाही' असं तुम्ही लिहिलंय, पण तुमच्याच पत्रात तुम्ही चौकशी केल्याचं लिहिलेलं आहे. उत्तर मिळालं नाही, हा तुमचा निष्काळजीपणा नव्हे.

समोरचा वकील यावर काय म्हणेल तेही सांगते. कलम १९ मध्ये एक अपवाद आहे : साध्या, नेहमीच्या खबरदारीने खरं कळू शकलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. तो विचारेल की कंपनीला एक फोन का नाही केला. त्यावर तुमची दोन उत्तरं. पहिलं, धंदा अजून काकूंच्या नावावर असताना त्यांच्या गिऱ्हाइकाला परस्पर फोन करणं आपल्याकडे कुणाला रुचत नाही. नेहमीची खबरदारी म्हणजे विकणाऱ्याकडेच वही मागणं, आणि ते तुम्ही केलंत. दुसरं उत्तर जास्त वजनाचं. हा अपवाद चुकून दिलेल्या माहितीला आणि कपटाने गप्प राहण्याला लागू होतो. जाणूनबुजून, तोंडाने खोटं सांगितलं असेल, तर 'तू तपासायला हवं होतंस' हा बचाव चालत नाही. इंटरनेटवर तुम्हाला १८८१ चा रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड हा इंग्रजी निकाल सापडेल. त्यात कागद समोर असूनही न पाहणाऱ्या खरेदीदाराला न्यायालयाने करारातून सोडवलं होतं. त्यावर फार विसंबू नका. आपल्या कायद्यातला हा अपवाद त्या निकालाच्या आधीपासूनचा आहे आणि इथे तोच चालतो.

आता काकूंनी जे सांगितलं ते वेगवेगळं करून बघू, कारण पत्रात तुम्ही सगळं एकाच पातेल्यात घातलंय. 'हा भाग वाढतोय, सहा महिन्यांत २०० डबे होतील' हा त्यांचा अंदाज होता. त्यावर दावा उभा राहत नाही. 'पोळ्या लाटणाऱ्या दोघी इथेच राहतील' हे आश्वासन, आणि तेही दुसऱ्यांच्या वतीने. एक जण सोडून गेली म्हणून फार काही करता येणार नाही. पण 'कंपनीचे ९० डबे रोज जातात' हा अंदाजही नाही आणि आश्वासनही नाही. ती वस्तुस्थिती म्हणून सांगितलेली गोष्ट आहे. तुमचं सगळं बळ या एका वाक्यात आहे. बाकीच्या तक्रारी त्यात मिसळू नका.

जानेवारीत हे वाक्य खरं होतं, आणि याच जागी तुमचं मन अडकलंय. 'त्या खोटं बोलल्या नाहीत, तेव्हा ९० डबे जातच होते,' असं तुम्ही लिहिता. बरोबर. पण करार १० मार्चला झाला. इंग्लंडमधला १९३६ चा विथ विरुद्ध ओफ्लॅनगन हा निकाल याच प्रश्नावरचा आहे. एका डॉक्टरांनी आपला दवाखाना विकायला काढला. जानेवारी १९३४ मध्ये सांगितलं की वर्षाला २,००० पौंड येतात, आणि ते खरं होतं. नंतर डॉक्टर आजारी पडले, रुग्ण पांगले. १ मे रोजी करारावर सही होईपर्यंत आठवड्याला जेमतेम पाच पौंड येत होते, आणि घेणाऱ्याला कुणी काही सांगितलं नाही. करार रद्द झाला. न्यायालयाचं म्हणणं असं की करार होईपर्यंत सांगितलेली गोष्ट सांगितलेलीच राहते. मधे ती बदलली तर बोलणाऱ्याने पुन्हा तोंड उघडायला हवं. इंग्लंडचे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण करार कायद्यात ते विचारात घेतले जातात.

नुसतं गप्प राहणं म्हणजे कपट नव्हे, हेही आपला कायदा स्पष्ट सांगतो. बाजारभाव बदलणार असल्याची आतली बातमी व्यापाऱ्याने समोरच्याला सांगितलीच पाहिजे असं नाही. कलम १७ मध्ये तसं उदाहरणच आहे. काकूंनी डब्यांविषयी चकार शब्द काढला नसता, तर तुमची बाजू लंगडी पडली असती. पण त्या बोलल्या होत्या, आणि त्यांच्या आकड्यावर तुमच्या यजमानांनी वहीत हिशेब मांडून ५ लाख ५० हजारांची किंमत ठरवली होती. ती वही जपून ठेवा. त्या आकड्यामुळेच तुम्ही 'हो' म्हणालात हे दाखवावं लागतं, आणि ते त्या पानावर दिसतं.

म्हणून माझी तुम्हाला पहिली विनंती : १५ फेब्रुवारी ते १० मार्च या तेवीस दिवसांत काकूंशी काय बोलणं झालं ते शोधून काढा. व्हॉट्सअ‍ॅप, फोनची यादी, यजमानांचा फोन, सासूबाईंचाही. त्या दिवसांत तुम्ही एकदा जरी विचारलं असेल की 'कंपनीचं तसंच आहे ना?' आणि त्या 'हो' म्हणाल्या असतील, तर प्रकरण गप्प राहण्याचं उरत नाही. जानेवारीतला जो आवाजी मेसेज तुम्ही लिहिलाय, 'नव्वद तर कंपनीचेच जातात गं', तो पुसू नका आणि फोन बदलू नका. न्यायालयात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून घेतील. पण मूळ मेसेज मूळ फोनवर असलेला बरा.

करारातल्या 'समाधान करून घेतले आहे' या वाक्याने तुम्ही हबकून गेलात. ठाण्याच्या न्यायालयात मी तेवीस वर्षं वकिली करतेय. हे वाक्य नसलेला असा करार क्वचितच हाती येतो. टायपिस्टच्या संगणकात ते आधीच असतं. त्याने तुमचं काम अवघड होतं, पण दार बंद होत नाही. लेखी कराराविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही हे खरं, मात्र करारच रद्दबातल ठरू शकेल अशी गोष्ट, म्हणजे कपट वगैरे, तोंडी पुराव्यानेही सिद्ध करता येते. कपट करून मिळवलेल्या सहीत कपटालाच माफी लिहिलेली असली, तरी तिला फारसा अर्थ उरत नाही.

आता काकूंना फसवी म्हणण्याचा प्रश्न. तुमच्या पत्रातला सगळ्यात हळवा भाग हा आहे. कायदा दोन वेगळ्या गोष्टी मानतो. फसवण्याच्या हेतूने केलं तर ते कपट, कलम १७. हेतू वाईट नसताना चुकीची माहिती देऊन समोरच्याचा गैरसमज करून दिला, तर ते मिसरिप्रेझेंटेशन, कलम १८. तिथे 'कितीही निरागसपणे' अशा अर्थाचे शब्द कायद्यातच आहेत. आणि करार रद्द करण्याचा हक्क दोन्हींत मिळतो. काकूंच्या घरी आजारपण होतं, पैशांची निकड होती, सांगितलं तर व्यवहार मोडेल या भीतीने त्या गप्प राहिल्या असतील. मला ते समजतं. तरी त्यांची अडचण तुमच्या ५ लाख ५० हजारांतून का भागावी? त्यांना वाईट न ठरवताही तुम्हाला म्हणता येतं : 'तुम्ही सांगितलंत ते सहीच्या दिवशी खरं नव्हतं, आणि त्यावर विसंबून मी पैसे दिले.' फरक एवढाच की कपट सिद्ध झालं तर नुकसानभरपाईची बाजू जास्त भक्कम होते आणि तो 'साधी खबरदारी'वाला बचाव पुष्कळसा गळून पडतो. म्हणून वकील नोटिशीत दोन्ही गोष्टी मांडतात. ते वाचून दचकू नका.

पोलिसांत जायची घाई करू नये असं माझं मत आहे. फसवणुकीचा गुन्हा, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, उभा राहायला सुरुवातीपासून लबाडीचा हेतू दाखवावा लागतो. देण्याघेण्याच्या वादाला गुन्ह्याचं रूप देऊ नये असं सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी बजावलंय. यजमानांचा राग मी समजू शकते, पण त्या वाटेने पैसे लवकर परत येतात हा समज खरा नाही. शिवाय एकदा तक्रार झाली की तडजोडीचं बोलणं तिथेच थांबतं.

मग हातात काय आहे?

एक गोष्ट मनात पक्की करा : असा करार आपोआप मोडत नाही. तो रद्द करायचा की ठेवायचा हे तुम्ही ठरवायचं असतं, आणि जोवर ठरवत नाही तोवर तो चालूच असतो. त्यात धोका असा की खरं कळल्यावरही तुम्ही धंदा पूर्वीसारखाच चालवलात, चेक वटू दिलेत, तर उद्या न्यायालय म्हणू शकतं की तुम्ही करार मनाने स्वीकारलात. तुम्हाला खरं कळलं जूनमध्ये, आणि आता ऑगस्ट संपत आलाय. दावा लावायची मुदत कळल्यापासून ३ वर्षं आहे हे खरं, पण त्या ३ वर्षांच्या भरवशावर बसू नका. मुदतीत असलेला हक्कही वागण्यातून हातचा जातो.

पहिला मार्ग, करार रद्द करणं. कलम ६४ प्रमाणे तुम्हाला मिळालेलं परत द्यावं लागेल आणि काकूंना त्यांना मिळालेलं. मे महिन्यात तुम्ही जुना डीप फ्रीजर एक्स्चेंजमध्ये दिलात, त्याची भरपाई पैशांत करावी लागेल. तेव्हा तुम्हाला खरं माहीत नव्हतं, त्यामुळे मला ती मोठी अडचण वाटत नाही. योग्य कारणाने करार रद्द करणाऱ्याला कलम ७५ खाली नुकसानभरपाईही मागता येते. पण बघा, गाळ्याचा लीव्ह अँड लायसन्स करार तुमचा आणि गाळामालकाचा आहे. काकूंशी करार मोडला म्हणून तो मोडत नाही. त्यात लॉक-इन, म्हणजे गाळा मधेच सोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचं आहे ते आजच काढून बघा. नाहीतर धंदा परत दिलेला आणि भाडं चालू, अशी पाळी येईल.

दुसरा मार्ग फारसा कुणाला माहीत नसतो, आणि मला तुमच्यासाठी तोच जास्त योग्य वाटतो. कलम १९ म्हणतं की करार कायम ठेवून, सांगितलेलं खरं असतं तर तुम्ही ज्या स्थितीत असता त्या स्थितीत आणून ठेवा, अशी मागणीही करता येते. कायद्यातलं उदाहरण गहाणाचं आहे : बोजा नाही असं खोटं सांगून मालमत्ता विकली, तर घेणारा ती परत देऊ शकतो किंवा ठेवून घेऊन विकणाऱ्याला गहाण फेडायला लावू शकतो. गहाण फेडता येतं, गेलेले ९० डबे मात्र काकू परत आणू शकणार नाहीत. म्हणून तुमच्या बाबतीत हे पैशांतच मोजावं लागेल. १४० डब्यांसाठी ५ लाख ५० हजार दिलेत, त्यातले ९० गेले, म्हणजे सुमारे ३ लाख ५३ हजारांचा माल तुम्हाला मिळालाच नाही. न्यायालय इतका सरळ भागाकार करेलच असं नाही, पण बोलणी सुरू करायला हा आकडा चांगला आहे. दोन चेकचे मिळून १ लाख ५० हजार होतात. ते चेक परत घेतलेत तर काकूंनी वर सुमारे २ लाख द्यायचे उरतात. आजारपण असलेल्या घरालाही हे हप्त्यांनी जमण्यासारखं आहे, ७ लाख ५० हजार एकदम परत देणं मात्र नाही.

मी दुसऱ्या मार्गाकडे झुकते याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. घरगुती डबे पन्नासाचे बासष्ट झाले हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. पाच महिन्यांत बारा नवी घरं तुमच्या हाताचं जेवायला लागली, ताई. हा धंदा सोडायचा की योग्य किमतीत ठेवायचा, हे नीट बसून, राग आणि शरम दोन्ही बाजूला ठेवून ठरवा. सोडावासाच वाटत असेल तर पहिला मार्ग धरा, त्यात गैर काही नाही. दोन्ही मागण्या एकदम मात्र करता येत नाहीत. सासूबाई म्हणतात तसं विसरून जाणंही तुमच्या हातात आहे, पण तसं असेल तर ते ठरवून करा. नुसते दिवस जाऊ देऊन ते घडायला नको.

आता चेक. कुणाचा सल्ला न घेता बँकेत 'स्टॉप पेमेंट' देऊन मोकळ्या होऊ नका. थांबवलेल्या चेकवरही चेकसंबंधीच्या कायद्याच्या, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. आधी वकिलामार्फत लेखी नोटीस जाऊ दे : काय सांगितलं होतं, १५ फेब्रुवारीला काय कळलं होतं, तुम्ही कोणता मार्ग निवडताय, आणि म्हणून हे पैसे आता देणं लागत नाही. ती ५ सप्टेंबरच्या आधी, पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही पोचली पाहिजे. मग बँकेचं काय करायचं ते वकिलांशी बोलून ठरवा. पुढे कलम १३८ ची नोटीस आलीच, तर मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत तिची दखल घ्या. ती कपाटात ठेवून देणारे लोक मी पाहिलेत, आणि नंतर त्यांना फार जड जातं.

वकिलाच्या फीचं तुम्ही लिहिलंय. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. ठाणे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. दावा लावण्याआधी मध्यस्थी करून द्या, अशी विनंतीही तिथेच करता येते. तुमच्यासारख्या ओळखीतल्या वादाला ती जागा मला फार योग्य वाटते.

हे वाचणाऱ्या आणि उद्या कुठे क्लास, पार्लर, दवाखाना किंवा झेरॉक्सचं दुकान 'चालू' म्हणून घेणाऱ्या प्रत्येकाला माझं एक सांगणं आहे. ज्या आकड्यावर तुम्ही किंमत ठरवताय तो आकडा करारात लिहून घ्या, आणि त्यापुढे 'आजच्या तारखेसही हीच परिस्थिती आहे' एवढं वाक्य घाला. त्यासाठी पाच मिनिटं लागतात. समोरची व्यक्ती त्या वाक्याला का-कू करू लागली, तर सही पुढे ढकला. आणि नवी मुंबईत नव्या प्रकल्पात फ्लॅट घेतलेल्या ज्यांनी जाहिरातीतल्या खोट्या माहितीविषयी विचारलंय, त्यांचा रस्ता वेगळा आहे. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १२ मध्ये बिल्डरच्या जाहिरातीवर किंवा माहितीपत्रकावर विसंबून पैसे भरलेल्यांना भरपाई, किंवा व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत, असा हक्क आहे. त्यांनी महारेराकडे जावं.

ताई, नोटीस जाण्याआधी काकूंना एकदा भेटावंसं वाटत असेल तर जरूर भेटा, तुमच्या स्वभावाला ते धरून आहे. पण एकट्या जाऊ नका, यजमानांना न्या. कंपनीचा ईमेल १५ फेब्रुवारीला आला होता का, एवढंच शांतपणे विचारा. त्या जे सांगतील ते घरी येऊन त्याच संध्याकाळी त्यांनाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा : 'काकू, आज आपलं असं असं बोलणं झालं.' आणि त्या भेटीत कसल्याही नव्या कागदावर सही करू नका.